टोमॅटो, झोका आणि पांढरा बाक

हे मी लिहिणारच नव्हतो. खरंच! दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. एक तर मी काही लेखक नाही. मराठी टायपिंगसुद्धा फोनवर चुकतमाकत स्वतःच शिकलोय, आणि इथे सिंगापुरात वुडलँड्सहून चांगी बिझनेस पार्कला जाताना MRT मध्ये, म्हणजे मेट्रोत, बसायला जागा मिळाली तरच दोन ओळी होतात. उभं राहून एका हातानं जोडाक्षरं होत नाहीत! दुसरं म्हणजे, यात एका माणसाचा पाय आहे. पायावर विनोद करायचा म्हणजे जरा जिवावरच येतं. पण ज्याचा पाय त्यानंच सांगितलं, "लिही रे. नाहीतर तो सौमित्र स्वतः लिहील आणि सगळ्यांना जिवंत ठेवील!"

म्हणून लिहितोय.

तर सौमित्र. माझा रूममेट, वय तिशीच्या अलीकडे, काम सॉफ्टवेअरचं, आणि आजार एकच, त्याला सगळं येतं! गिटार येते, एकच गाणं. स्वयंपाक येतो, एकच आमटी. आणि गेल्या वर्षापासून त्याला फ्रेंच येतं.

फ्रेंच तो फोनवरच्या ॲपवर शिकला. सकाळी तोंडात ब्रश धरून तो आरशाला सांगायचा की मुलगी सफरचंद खाते. संध्याकाळी भांडी घासताना नळाला सांगायचा की माझ्या काकांची मांजर काळी आहे. एवढ्या भांडवलावर हा पठ्ठ्या कोजागिरीच्या कार्यक्रमात, मसाला दुधाचा कागदी कप उंच धरून, पंचवीस माणसांसमोर म्हणाला, "फ्रेंच म्हणजे काय हो? मराठीच! फक्त नाकातून!"

लोक हसले. पण कोपऱ्यातल्या खुर्चीवर हेमचंद्रकाका बसले होते. ते हसले नाहीत. ते सरसावून बसले.

हेमचंद्रकाका म्हणजे बँकेच्या आयटीतले मोठे साहेब. पन्नाशी कधीच ओलांडलेली. सौमित्रला सिंगापूरच्या नोकरीत घेतलं त्यांनीच. तेव्हा ते 'सर' होते. मग सौमित्रनं ती नोकरी सोडली आणि ते 'काका' झाले, आणि खरं सांगायचं तर या देशात त्याचा सगळ्यात जवळचा दोस्त झाले. रविवारी सकाळी दोघं चालायला जायचे. काका मूळचे पुण्याचे, तरुणपणी दर रविवारी सिंहगड चढणारे. इथे गड नाही म्हणून ते जिना चढायचे. चौदाव्या मजल्यापर्यंत! आणि वर पोचल्यावर पिठलं-भाकरी मिळत नाही म्हणून चिडायचे.

याच काकांना तरुणपणी कंपनीनं ब्रसेल्सला पाठवलं होतं, आणि तिथून ते एक व्यसन घेऊन आले. फ्रेंच कॉमिक्स! पोराटोरांची नव्हेत. जाड पुठ्ठ्याची, मोठ्या माणसांची. खुनाची, घोड्यांची, अंतराळाची, युद्धाची, कुणाच्या तरी घटस्फोटाची. तिकडे टाय लावलेली माणसं ट्रेनमध्ये बसून चित्रांची पुस्तकं वाचतात म्हणे. काका दरवर्षी तिकडून एक पार्सल मागवायचे. अट एकच, सगळं नवं पाहिजे, यंदाचंच. जुन्यात त्यांना रस नव्हता. "जुनं वाचलं की मी म्हातारा होतो," म्हणायचे.

पण डायबेटिसनं घोळ केला. आधी डोळे. पडद्यावर काहीतरी झालं, इंजेक्शनं सुरू झाली, आणि अक्षरं म्हणजे मुंग्या, चित्रं म्हणजे नुसते रंगांचे डाग, अशी गत झाली. नंतर पाय. नवीन बूट चावले, फोड आला, काकांनी त्यावर हळद लावली आणि कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात भरतीच करावं लागलं.

आणि त्याच आठवड्यात पार्सल आलं.

काकांनी पलंगावरून फोन केला. "सौमित्र! तुझं ते नाकातलं मराठी घेऊन ये. मला वाचून दाखव."

सौमित्र गेला. लिफ्टपाशीच अनघाकाकू उभ्या होत्या, काकांची बायको. हातात डबा, कपाळावर आठ्या.

"सौमित्र, आधी ऐक. वाचायला आलायस, छान केलंस. पण त्यांच्यासमोर अभद्र काही बोलायचं नाही. मरण-बिरण, थडगं-बिडगं, काही म्हणजे काही नाही!"

"काकू, कॉमिक आहे हो."

"ते मला माहीत नाही. आजारी माणसाजवळ वाईट शब्द काढला की वास्तू तथास्तु म्हणते."

"पण ही वास्तू हॉस्पिटलची आहे."

"म्हणूनच म्हणते! हिला तर सवयच लागलेली असणार!"

आणि सौमित्रही तसल्याच घरात वाढलेला. त्याच्याकडे निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. बांगडी फुटत नाही, 'वाढते'. देवापुढचा दिवा कुणी विझवत नाही, 'शांत' करतात. त्याच्या वडिलांच्या मोठ्या ऑपरेशनला घरातले सगळे महिनाभर 'ते काम' म्हणत होते. अशा घरातल्या पोराच्या हातात फ्रेंचांची नवी कॉमिक्स दिली! म्हणजे शाकाहारी माणसाला खाटकाच्या दुकानात गल्ल्यावर बसवण्यासारखंच झालं.

काका उशीला टेकून बसले होते. पाय ब्लँकेटच्या बाहेर, तान्ह्या बाळासारखा गुंडाळून ठेवलेला. "ये रे मास्तर! पहिलं कुठलं?"

पहिलं डिटेक्टिव्हचं निघालं. सौमित्रनं घसा खाकरला, पान उघडलं, आणि तिथेच अडकला. ॲपच्या फ्रेंचमध्ये खून नव्हता! तिथे फार तर सफरचंद संपायचं. इथे पहिल्याच पानावर एक कुत्रा मेलेला, आणि कुठेही मुलगी सफरचंद खात नव्हती. मांडीखाली फोन लपवून तो एकेक शब्द डिक्शनरीत बघायला लागला. पण खरं तर शब्दांची गरजच नव्हती. चित्रं धडधडीत होती. दिसत नव्हती ती फक्त काकांना.

"कुत्रा आहे वाटतं?" काकांनी नाक पानाला टेकवलं.

"हो. झोपलाय."

पुढे सरकत सरकत दोघं शेवटापर्यंत आले. "आणि हे एवढं लाललाल काय आहे रे?"

सौमित्रनं पाहिलं. डिटेक्टिव्ह रस्त्यावर पालथा पडलेला, पाठीत गोळ्या, सगळीकडे रक्त. त्यानं मान वर केली. पलंगाच्या पलीकडे काकू संत्रं सोलत होत्या. त्यांनी डोळे मोठे केले.

"टोमॅटो," सौमित्र म्हणाला.

"काय?"

"टोमॅटोची गाडी उलटली, काका. बाजाराचा दिवस होता."

"मग हा आडवा कोण?"

"डिटेक्टिव्ह. गोळा करायला मदत करतोय."

"पालथा पडून?"

"खालचे टोमॅटो काढतोय."

काका म्हणाले, "खुनी कोण होता मग?"

"खून नव्हताच, काका. गैरसमज होता."

दुसऱ्या दिवशी घोड्यांचं पुस्तक. एक बाई, एक घोडा, वाळवंट, आणि शेवटी त्या बाईला गावकरी फाशी देतात. आता फाशीचं काय करायचं?

"झाडाला काय लटकतंय रे?"

"झोका! आपल्याकडे नागपंचमीला बांधतात ना, तसलाच. तिकडे पण असतं म्हणे काहीतरी."

"आणि सगळं गाव जमलंय ते?"

"नंबर लावून उभे आहेत."

तिसऱ्या दिवशी अंतराळ. यानातले सगळे प्रवासी काचेच्या नळ्यांमध्ये गोठून मेलेले. सौमित्रनं त्यांना बिझनेस क्लासमध्ये झोपवलं. "सीट पूर्ण आडवी होते, काका. पांघरूण पण देतात."

काका वैतागले. "काय झालंय रे या फ्रेंच लोकांना? मी ब्रसेल्सला होतो तेव्हा पानापानावर मुडदे पडायचे! आता बघावं तर टोमॅटो, झोके, झोपा! सगळे मऊ पडले."

"मुडदे म्हणू नका हो!" काकू ओरडल्या.

सौमित्र घरी येऊन मला हे सांगायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो. मी म्हटलं, "अरे, तू तर नवीन साहित्य निर्माण करतोयस!" तो म्हणाला, "काकू खूश, काका टाइमपास करतायत, कुणाचं काय बिघडतंय?" आणि फुशारकीनं कॉलर ताठ केली. टीशर्टची!

मग चौथं पुस्तक आलं.

ते राखाडी होतं. मुखपृष्ठावर नुसती एक रिकामी खुर्ची. ते सौमित्रनं आधीच MRT मध्ये वाचून बघितलं, पूर्ण, डिक्शनरी घेऊन, आणि त्याचं उतरायचं स्टेशन निघून गेलं. एका बाईनं स्वतःच्या भावाची खरी गोष्ट काढली होती. भाऊ पोस्टमन. डायबेटिस. पायाला जखम. डॉक्टर म्हणतात बोटं कापा, तो म्हणतो बघू. बघू बघू करता करता तो मरतो. शेवटच्या पानावर राखाडी आभाळ, पांढरा दगड, आणि समोर उभी बहीण.

सौमित्रनं ठरवलं, हे पुस्तक घरी राहिलं म्हणून सांगायचं. पण काकांनी त्याची सॅक चाचपली. "हे जाड कुठलं? हेच काढ!"

त्याच दिवशी सकाळी सर्जनबाई येऊन गेल्या होत्या. दोन बोटं काळी पडलीत, काढायला हवीत, लवकर सांगा, नाहीतर विष वर चढेल. काका 'संध्याकाळपर्यंत सांगतो' म्हणाले होते. आणि आता संध्याकाळ झाली होती.

सौमित्र वाचत गेला. पोस्टमन, सायकल, जखम. तेवढं खरंखरं सांगितलं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. मग डॉक्टरचं पान आलं. काकांनी एकदम त्याचं मनगट धरलं.

"कापतात का रे त्याची बोटं?"

नुसतं 'तो नको म्हणतो आणि मरतो' एवढंच म्हणायचं होतं. पण दिवेलागणीची वेळ, काकू स्तोत्र पुटपुटतायत, आणि हा माणूस असा मनगट धरून बघतोय! सौमित्रच्या जिभेनं जन्मभर जे केलं होतं तेच केलं.

"नाही. तो नको म्हणतो."

"मग?"

"मग तो... डोंगरावर जातो." काकांचा सिंहगड त्याला कुठून आठवला कोण जाणे! "रोज चढतो. वर एक म्हातारी असते, ती सूप देते. हळूहळू जखम भरते."

"खरी गोष्ट आहे?"

"पहिल्या पानावर लिहिलंय. खरी गोष्ट." एवढं एकच वाक्य त्यानं अगदी बरोबर भाषांतर केलं. दुर्दैव!

काकांनी शेवटचं पान डोळ्यांशी नेलं. "हे पांढरं काय?"

"बाक. डोंगरावरचा. तो बसायचा तिथे."

"आणि ही बाई?"

"बहीण. वाट बघतेय त्याची."

"येतो?"

"येतो की!"

काका हसले. भरती झाल्यापासून पहिल्यांदाच. सौमित्र तरंगत घरी आला. मला म्हणाला, "आज काय वाचलं मी! माणूस उजळला!"

तिसऱ्या दिवशी दुपारी तो ऑफिसात असताना काकूंचा फोन.

"सौमित्र! तू काय वाचून दाखवलंस त्यांना?"

"का हो?"

"ते ऑपरेशनला नाही म्हणतायत! त्या दिवशी संध्याकाळीच नाही म्हणाले. मला वाटलं घाबरलेत, मन वळेल. आता म्हणतायत फ्रान्समध्ये एक केस अशीच बरी झालीय, माझ्याकडे पुरावा आहे. घरी सोडा म्हणतायत! पुण्याचं तिकीट बघ म्हणतायत, सिंहगडाला जायचंय म्हणे!"

सौमित्र मीटिंगमधून पळाला. सरळ नोव्हेना! वॉर्डाबाहेर सर्जनबाई उभ्याच होत्या. बुटक्या, चष्मा, हातात कॉफी, चेहऱ्यावर बारा तासांची ड्यूटी.

"यू द फ्रेंच एक्स्पर्ट, इज इट?"

आता इथे सरळ 'नो' म्हणायचं ना! पण 'एक्स्पर्ट' शब्द ऐकल्यावर ज्याची छाती फुगत नाही तो सौमित्र कसला! "यस," तो म्हणाला.

"गुड. माय पेशंट से यू गॉट वन केस इन फ्रान्स. सेम फूट, सेम शुगर, नेव्हर कट, ओके ऑलरेडी. विच हॉस्पिटल?"

"ॲक्च्युअली..."

"विच जर्नल? हू इज द डॉक्टर? व्हॉट अँटिबायोटिक दे गिव्ह?"

"सूप," सौमित्र म्हणाला.

"सॉरी?"

सौमित्रनं सॅकमधून पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. दुसरं काय करणार! बाईंनी कॉफी खिडकीत ठेवली. पानं उलटली. त्यांना फ्रेंचचं अक्षर येत नव्हतं. ॲपसुद्धा नव्हतं. शेवटच्या पानावर आल्या, चष्मा वर केला, आणि म्हणाल्या, "धिस वन डेड ऑलरेडी."

सौमित्रला तेव्हा कळलं. हे वाचायला फ्रेंच लागतच नव्हतं. नाकातूनही नाही, तोंडातूनही नाही. नुसते डोळे लागत होते, आणि तेवढेच काकांकडे नव्हते. ते त्यांनी सौमित्रकडून उसने मागून घेतले होते.

"यू टेल हिम," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "टुडे. फर्स्ट डे आय ओन्ली नीड टू टोज. नाऊ हाफ द फूट, मेबी. यू वेट सम मोर, आय कट सम मोर. अंडरस्टँड?"

कॉफी तिथेच विसरून त्या निघून गेल्या.

काकू जिन्यापाशी रडत होत्या. सौमित्रनं त्यांना सगळं सांगितलं. टोमॅटोपासून! काकूंनी आधी त्याच्या दंडावर एक फटका हाणला. मग डोळे पुसले. "आता जा आणि सांग त्यांना. ऑपरेशन केलंच पाहिजे असं सांग."

"म्हणजे तो मेला असं सांगू?"

"शिव शिव! असं नाही सांगायचं!"

"मग कसं सांगू, काकू?"

"ते तू बघ! तुला येतं ना फ्रेंच? पण तो शब्द नको. बिचारे पलंगावर आहेत."

झालं! माणूस मेला नाही पाहिजे, पण काकांनी घाबरलं पाहिजे. सौमित्र काकूंबरोबर आत गेला, खुर्ची ओढली, आणि म्हणाला, "काका, एक गंमत झाली. त्या पुस्तकात दोन पानं चिकटलेली होती. ती वाचायची राहिली!"

"अस्सं? वाच की!"

"तर... डोंगरावर त्याचा पाय परत दुखायला लागतो."

"सूप पिऊनसुद्धा?"

"सूप संपतं."

"म्हातारी कुठे गेली?"

"ती... 'येते' म्हणून गेली." काकूंनी मान डोलावली. "मग तो खाली येतो, डॉक्टरकडे जातो, बोटं काढून घेतो आणि ठणठणीत होतो. तेच खरं औषध, असं लिहिलंय मोठ्या अक्षरात."

काकांनी डोळे बारीक केले. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका पकडलेला माणूस तो! "थांब. शेवटच्या पानावर तो डोंगरावरच्या बाकावर बसायला येतो म्हणालास. मग ही पानं कुठे बसतात? बाकाच्या आधी की नंतर?"

"आधी."

"मग बोटं कापून तो परत डोंगरावर गेला?"

"हो."

"कशाला?"

"सूप आवडायचं त्याला."

"सौमित्र," काका शांतपणे म्हणाले, "तुला माझ्या बायकोनं पढवून पाठवलंय. ती घाबरट आहे. तू पण? मला वाटलं तू तरी माझ्या बाजूचा आहेस. त्या पोस्टमनला कुणी असं घाबरवलं नाही म्हणून तो वाचला." आणि त्यांनी पुस्तक उचलून छातीशी धरलं. उलटं! "उद्या मी घरी जाणार."

ब्लँकेटच्या बाहेर पाय तसाच. बँडेजमधून आता वास यायला लागला होता. सगळे जण तो वास न आल्यासारखं करत होते. काकू धूपाचा विषय काढत होत्या.

सौमित्रनं पुस्तक हळूच त्यांच्या हातातून घेतलं. सुलटं केलं. शेवटचं पान उघडलं.

"काका, तो बाक नाही."

"मग काय आहे?"

काकूंनी डबा आपटून ठेवला. "सौमित्र! दिवेलागण झालीय!"

"थडगं आहे."

काकूंच्या हातातला चमचा खाली पडला. कुणी उचलला नाही.

"कुणाचं?"

"त्याचंच. डोंगर नाहीच पुस्तकात. म्हातारी पण नाही. मी घातली. तो नको म्हणाला, आणि पाय सडला, आणि तो मेला, काका. मेला."

शब्द निघाला. वास्तू काय म्हणाली कोण जाणे! शेजारच्या पलंगाचं मशीन तेवढं टिकटिक करत होतं.

"आणि बहीण?" काकांनी विचारलं. आवाज अगदी लहान.

"ती वाट बघत नाहीये. तिनं लिहिलंय की आम्ही घरातले रोज त्याला सांगायचो, आज तू बरा दिसतोस. मी पण सांगायचे. शेवटची ओळ तेवढीच आहे. ती मी तुम्हाला वाचली नाही."

काका आपल्या पायाकडे बघत राहिले. त्यांना दिसत काय असणार? पांढरा डाग.

मग त्यांनी काकूंकडे तोंड वळवलं. "तुला तर दिसत होतं. तू का नाही बघितलंस?"

"मी पुस्तकाकडे कुठे बघत होते?" काकू म्हणाल्या. "तुमच्याकडे बघत होते. तुम्ही हसला होतात."

काका अचानक म्हणाले, "तो डिटेक्टिव्ह?"

"मेला."

"टोमॅटो?"

"रक्त."

"घोडेवाली?"

"फाशी."

"झोका म्हणे! आणि ते यानातले झोपलेले?"

"सगळे मेले, काका."

"अरे, निदान कुत्रा तरी?"

"तो तर पहिल्याच पानावर."

"गाढवा!" काका एवढ्यानं ओरडले की नर्स धावत आली. "अरे गाढवा! इतकी चांगली पुस्तकं! आणि मला तू टोमॅटो विकलेस!" आणि मग त्यांचा चेहरा चुरगळला. हसतायत का रडतायत ते कुणालाच कळेना. नर्सलाही नाही. ती त्यांची शुगर तपासून गेली.

त्याच रात्री सर्जनबाईंना बोलावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. स्ट्रेचर निघालं तेव्हा काका म्हणाले, "जातो रे."

"येतो म्हणा!" काकू ओरडल्या.

काकांनी सौमित्रकडे बघितलं. साधारण त्याच्या दिशेला. "काय म्हणू रे, मास्तर?"

दारं बंद झाली.

पहिल्या दिवशी दोन बोटं गेली असती. आता अर्धं पाऊल गेलं. पुढचा सगळा भाग. हे मला विनोदी करता येत नाही, मी प्रयत्न केला. तीन दिवस. टोमॅटो, झोका आणि झोप असे तीन दिवस माझ्या रूममेटनं मला हसवलं, आणि त्या खोट्या बाकापायी वाया गेलेले तीन दिवस त्या पावलातून वसूल झाले. सौमित्रनं ॲप काढून टाकलं. आमटीसुद्धा करेना. मी बाहेरून आणायचो, तो खायचा नाही.

काकांनी त्याला बोलावलं नाही. महिना गेला, आणखी काही दिवस गेले. मग एका रविवारी फोन वाजला.

"पार्सलमधलं एक राहिलंय. येतोस का?"

सौमित्र एवढ्या घाईनं निघाला की पायात दोन वेगळ्या चपला! मीपण गेलो बरोबर. काका घरी, खिडकीपाशी, खास बनवलेला बूट घालून बसले होते. कोपऱ्यात काठी. काकूंनी चहा दिला आणि सौमित्रच्या दंडावर पुन्हा एक फटका दिला, पण हलका.

"कसलं आहे हे?" काकांनी विचारलं.

"दोन म्हाताऱ्या बहिणी आहेत. पाव भाजतात."

"हं. आणि?"

सौमित्रनं पहिल्या पानापासून नीट वाचलं. डिक्शनरी उघड्यावर, टेबलावर ठेवून. एकेक ओळ. अडला तिथे 'काका, हे कळलं नाही' म्हणून सांगितलं. बहिणी पाव भाजतात. भांडतात. गावात जत्रा भरते. पीठ सांडतं. परत पाव भाजतात. संपलं.

"बरं," काका म्हणाले. "कोण मेली?"

"कुणीच नाही."

"सौमित्र."

"खरंच नाही, काका!"

"दोघी म्हाताऱ्या आहेत म्हणालास! एक तरी जाईलच की!"

"नाही हो! शेवटी दोघी बसून चहा पितायत!"

काकांनी पान डोळ्यांशी नेलं. "हे पांढरं काय आहे?"

सौमित्रनं दोनदा नीट बघून घेतलं. "बाक."

"बाक!"

"या वेळी खरंच बाक आहे हो! काकू, तुम्ही सांगा ना!"

काकूंनी चष्मा लावून बघितलं. "अहो, बाकच आहे. दोघी बसल्यायत त्यावर."

"तू गप्प बस. तू त्याच्याच पार्टीतली." काका माझ्याकडे वळले. "तू सांग रे. बाक आहे?"

मी म्हटलं बाक आहे.

"तू तर त्याचा रूममेट." त्यांनी पुस्तक मिटलं, काठीनं सौमित्रच्या वेगवेगळ्या चपला डिवचल्या, आणि मान हलवत म्हणाले, "माझा विश्वास नाही. बिचाऱ्या म्हाताऱ्या."

सौमित्र खाली बसला, काकांच्या त्या नव्या बुटाशेजारी, फरशीवर. त्यानं त्यांचा हात धरला. मागे काकू 'शिव शिव' म्हणायला तोंड उघडून तयारच होत्या.

"काका, शब्द देतो. पुढच्या पार्सलमध्ये असं पुस्तक मागवतो की त्यातला एकही माणूस वाचणार नाही. आणि एकेकाचं नाव घेऊन सांगतो, मेला म्हणून. अगदी कुत्र्यापासून."